चौदा बरण्या

— नाही हो बाई, मांजरीला उठवू नका, ती खुर्ची तिची आहे. तुम्ही ते बाक ओढा चुलीजवळ. हां, असं. काय म्हणत होतात — जड? बदकाची चरबी जड? कोण म्हणतं, तो ओश शहरातल्या दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर ना, ज्यानं माझ्या छातीला वायरी चिकटवल्या? त्याला म्हणावं, ओदील लाबादी एक्याऐंशीची आहे, आणि ती पडली ती स्टुलाचा पाय मोडला म्हणून, तिचा नाही मोडला. तरी हृदय बघायचं म्हणे. बघितलंत, मोठं झालंय म्हणालात, झालं. आता तुम्हाला पाठवलंय माझं ताट बघायला — तुमचा काय दोष त्यात, तुम्ही नोकरी करताय. लिहा. सकाळी सूप आणि पाव. दुपारी कॉन्फी, म्हणजे चरबीत शिजवलेली बदकाची मांडी. आता काय, दात राहिले नाहीत, पण कॉन्फीला दात लागतात कुठे? जिभेनं दाबली की सुटते हाडापासून. नाही, तेलात तळलेली नव्हे, तुम्ही शहरातली माणसं सगळ्याला तळलेलं म्हणता. मांडी घ्यायची, जाडं मीठ चोळून रात्रभर ठेवायची, सकाळी पुसायची, आणि तांब्याच्या हंड्यात बदकाच्याच चरबीत सोडायची — आच अशी की चरबीनं नुसतं कुजबुजायचं, उकळायचं नाही. उकळली की मांसाची दोरी झालीच म्हणून समजा. अडीच तास, तीन तास. गवताची काडी घातली तर न अडता आत गेली पाहिजे. मग चिनीमातीच्या बरणीत तुकडे, वरून तीच चरबी, मांसाच्या वर दोन बोटं. गोठली की वर्षभर तळघरात ठेवा, काही होत नाही तिला. थोडी आणू? खाऊन तरी बघा, मग नावं ठेवा. नको? बरं, नको.

हे काय, इथं काय लिहिलंय — माझा चष्मा — 'पोषणमूल्य'. आणि हे आकडे एका मांडीचे? असू देत, मी कुठं नाही म्हणतेय, तुम्ही शिकलेल्या. पण यात एक गोष्ट नाही लिहिलेली. कॉन्फी गार खाता येते. हसू नका, मी गंमत नाही करत. गार खाता येते म्हणजे चूल नको, आणि चूल नको म्हणजे धूर नको. धूर नको याचा अर्थ तुम्हाला नाही कळायचा — वय काय तुमचं, सव्वीस? माझा भाऊ रेमी एकवीसचा होता. चव्वेचाळीस साल, देश जर्मनांच्या ताब्यात. पोरांना धरून जर्मनीत नेत होते, कारखान्यात राबायला. रेमीला चिठ्ठी आली आणि तो गेला रानात. तो आणि आणखी सहा जण. ते समोर ओकांचं रान दिसतंय ना, त्याच्या पाठीमागच्या घळीत कोळसेवाल्यांची एक पडकी झोपडी होती, तिथं सात पोरं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत राहिली — पाच महिने, बाई, आणि एकदाही धूर नाही. रस्त्यावरून जर्मन गाड्या जायच्या, त्यांना काय दिसायचं? रान. एकाच्या मांडीत गोळी होती, ती दुसऱ्यानं चाकूनं काढलेली, जखम चिघळून हिरवी झाली होती, तो उठून चालायला लागला तो कशानं? औषध कुठलं आणणार. बदकाची एक मांडी, पावाचा तुकडा, त्यावर चरबी बोटभर जाड, वरून मीठ. एवढ्यावर माणूस दिवस काढतो, बर्फात काढतो. तुमच्या त्या रकान्यात हे लिहा.

कोण नेत होतं म्हणजे? आई. बाप चार वर्षं कैदेत होता जर्मनांच्या, घरात आम्ही दोघीच. आदल्या हिवाळ्यात आईनं तीस बदकं कापली होती, मक्यावर पोसलेली, सरकारी माणसांपासून लपवून. मी पिसं काढायची, ती मीठ लावायची. चौदा बरण्या झाल्या. चौदा! अख्ख्या गावात कुणाकडे नसतील तेवढ्या. ती धुण्याची टोपली घेऊन ओढ्यावर जायची, खाली मांड्या, वर ओल्या चादरी. परत यायची ती रिकामी बरणी घेऊन, आणि ती घासून विहिरीपाशी उपडी घालायची. मला बरण्या मोजायला आवडायचं. नऊ वर्षांची होते, मोजता येतं याचाच मला केवढा अभिमान.

आठवड्याला किती? काय आठवड्याला किती — अच्छा, तुमचा कागद. आठवड्याला किती तुकडे खाते. थांबा. थांबा जरा.

नाही, बरी आहे मी, छातीत काही नाही होत. पाणी नको. हा प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्यांदा कुणीतरी विचारतंय हातात पेन घेऊन, एवढंच. पहिल्यांदा जिनं विचारला तीही तुमच्यासारखीच होती, केस असेच मागे बांधलेले, पांढरा डगला, दात छान. शाळेत आली होती पोरांची वजनं करायला. जून महिना. युद्धात पोरं वाळली होती ना, म्हणून वजन करायचं, उंची मोजायची आणि हातावर एक एक बिस्कीट, ताकदीचं म्हणून, चवीला खडू. काट्यावर एकेक पोर चढायचं आणि ती हाक द्यायची, कोपऱ्यात एक माणूस बसून वहीत लिहायचा. करड्या कोटातला. माझी पाळी आली. काटा गेला वर. ती म्हणाली, अरे वा, हिला बघा, हिचे गाल बघा! काय खातेस गं? मी म्हटलं, कॉन्फी. किती खातेस आठवड्याला? मी म्हटलं, पुष्कळ! आम्ही चौदा बरण्या केल्या. चौदा? घरात किती जणं गं तुम्ही? म्हटलं, दोघी. आणि आता किती उरल्या? मी म्हटलं — बोटं वर करून म्हटलं, अगं, एक बोट असं वर करून — एकच! ती हसली. मनापासून हसली, मला अजून वाटतं तिच्या मनात काही नव्हतं. मला दोन बिस्किटं दिली. त्या माणसानं लिहिलं.

तू म्हणते हं आता तुला, तुम्ही-तुम्ही करून थकले मी. माझ्या नातीएवढी आहेस.

तिसऱ्या दिवशी आले. सकाळी, उन्हं छान वर आलेली, आई मका दळत होती. चार जण, काळी गाडी. जर्मन असते तर बरं झालं असतं असं आई पुढे म्हणायची. हे आपलेच, निळ्या डगल्यांचे, जर्मनांसाठी काम करणारे. त्यातला जो मोठा होता तो आपल्याच बोलीत बोलायचा, गास्कोन बोलीत, तुझ्या-माझ्यासारखा, मामा घरी यावा तसा. विहिरीपाशी गेला, उपड्या बरण्या एकेकीवर बूट आपटत मोजल्या त्यानं. तेरा. मग तळघरातून चौदावी आणवली. म्हणाला, काकी, तुमची भूक मोठी आहे. आई म्हणाली, आहे. तो म्हणाला, तीसेक बदकं खाल्लीत तुम्ही आणि या चिमणीनं? आई म्हणाली, युद्ध आहे, माणूस मिळेल तेव्हा खातो. पहिला दस्ता तोंडावर बसला तो तेव्हा. बंदुकीचा दस्ता. दात पडल्याचा आवाज येत नाही, सांगू का तुला, तो फरशीवर पडतो तेव्हा येतो.

नको का सांगू? रंग उडालाय तुझा. पण तूच विचारलंस.

तर तो म्हणाला, बरं, खाते म्हणते ना, खाऊ द्या तिला. दोघांनी तिला त्या बाकावर — हो, तेच बाक, नाही नाही, बस, बसून राहा, बाकाचा काय गुन्हा — तिला उताणी पाडली. खिळ्याला नरसाळं टांगलेलं होतं. बदकांना मका भरवतो ते, लांब नळीचं, पत्र्याचं. तुला माहीतच असेल, तुम्ही लोक त्याविरुद्ध पत्रकं वाटता ना हल्ली. त्या मोठ्या माणसानं स्वतः ते तिच्या घशात घातलं. आणि एकाला सांगितलं, चरबी वितळव. त्यानं चुलीवर ठेवली, बोट घालून बघितली — म्हणजे तेवढी त्याला काळजी, भाजून मरायला नको लगेच — आणि ओतायला लागले. पळीनं. एक पळी झाली की मोठा विचारायचा, काकी, कोण खातं? मग दुसरी. आईचं पोट — नाही, तुला नाही सांगत. तिचे पाय फरशीवर आपटत होते, चामड्याचे जोडे होते तिचे लाकडी तळव्यांचे, ते खाडखाड खाडखाड वाजत होते. मला एकानं केसांना धरून दाराशी उभं केलं होतं, बघ म्हणाला, जेवण कसं करतात ते बघ. तिच्या नाकातून चरबी येत होती, रक्ताची गुलाबी. आईनं सांगितलं नाही. गावात पाटी आहे ना, चौकातल्या भिंतीवर, वाच जाताना, पाच पोरांची नावं आहेत आणि खाली लिहिलंय की छळ सोसूनही जिनं तोंड उघडलं नाही ती क्लेमांस लाबादी. दर वर्षी फुलं ठेवतात. खरं आहे ते. तिनं नाहीच उघडलं.

मग गेले. मग दोन तासांनी रानातून आवाज आले, अक्रोड झोडपतात तसे, आधी एकेक आणि मग सगळे एकदम. आणि धूर वर आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. झोपडीत पाच जण सापडले. रेमी दारातच होता. ज्याची मांडी बरी झाली होती तो पळायला निघाला होता, त्याला पाठीत गोळी लागली. दोघं ओढ्यावर गेले होते पाणी आणायला, ते वाचले. आईला धड उभं राहता येत नव्हतं, तरी ती गेली, रांगत ओकत गेली, आणि रेमीला ओळखून आली. कसं ओळखलं विचारू नको. चेहऱ्यावरून नाही.

कशी सापडली झोपडी? सापडली. रान काही फार मोठं नाही. त्यांच्याकडे कुत्री असायची. बघ, मांजर तुझ्या बॅगेत शिरतंय.

ऐक ना. ऑगस्टात जर्मन गेले. एका दिवसात सगळं पालटलं, झेंडे काय, घंटा काय, ज्यांनी चार वर्षं पडदे बंद ठेवले होते ते दंडाला फीत बांधून रस्त्यावर. आणि मग प्रश्न निघाला — झोपडीचं कुणी सांगितलं? मेलेल्या पोरांत एक बाप्तीस्तचा होता, बाप्तीस्त म्हणजे आमचा लोहार. त्याला एकच मुलगा. त्यानं दोन महिने भट्टी पेटवली नव्हती, नुसता बसून असायचा, त्याला कुणीतरी पाहिजे होतं, मग ते कुणीही असो. आणि आमच्या गावात वेंडलिंग होता. लॉरेनचा, जर्मनीच्या सीमेवरचा. जर्मनांनी त्यांना चाळीस साली घरातून हाकलून आगगाडीत भरून इकडे पाठवलं होतं, बायको आणि तीन पोरं, हातात दोन बोचकी. चांभारकाम करायचा. पण बोलायला लागला की उच्चार जर्मनासारखा, काय करणार, तिकडची सगळीच तशी बोलतात. आमची पोरं त्याला बोश म्हणून, जर्मनांना द्यायची ती शिवी देऊन, दगड मारायची. मीही मारलेत. एकदा जर्मन शिपायानं रस्ता विचारला तर त्यानं त्याच्या भाषेत सांगितला, तेवढं पुरलं लोकांना. रेमीच्या आणि बाकीच्या पोरांचे जोडे यानंच शिवले होते रानासाठी, फुकट, जुन्या टायरचे तळवे लावून — मग याला ठाऊक असणारच ती कुठं आहेत. झालं. ठरलं.

रविवार होता, प्रार्थना सुटली होती. त्याला दुकानातून चौकात ओढून आणलं, चामड्याचा एप्रन तसाच, तोंडात खिळे होते. चांभार धरतात ना ओठांत खिळे, तसे. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि ते खिळे — बरं, नाही. द्राक्षांच्या वेलींना लावायच्या मेखा होत्या लोकांच्या हातात, ओल्या ओकाच्या. बायकासुद्धा होत्या. पाववाल्याची बायको, जिच्या दुकानात तो रोज टोपी काढून नमस्कार करायचा, तिनं लाथा मारल्या त्याच्या कमरेत. तो ओरडत होता, मी त्यांचे जोडे शिवले, मी त्यांचे जोडे शिवले! आणि त्या उच्चारात ओरडत होता, त्यामुळे लोक आणखी पेटायचे. मध्येच 'शिवले' म्हणता येईना त्याला, जबडा गेला होता. धोबीघाटाच्या भिंतीशी नेला, उभा राहीना म्हणून बसवूनच बाप्तीस्तनं गोळी घातली. दोन घातल्या. पहिली नीट लागली नाही.

मी होते ना तिथं. सगळं गाव होतं. आईनं मला पुढ्यात धरलं होतं, तोंडावर हात दाबून, असा, नाक पण दाबलं जात होतं. मी चावले तिला. तळहाताला, इथं, अंगठ्याखाली, दात हाडाला लागेपर्यंत चावले, तोंडात रक्त आलं तिचं, खारट, कोमट. तिनं हात काढला नाही. मरेपर्यंत खूण होती तिथं, अर्धा चंद्र. पीठ मळताना दिसायची.

किंचाळू नये म्हणून धरलं असेल असं तुला वाटतं ना? लहान पोर घाबरून किंचाळेल म्हणून. हं. नाही, किंचाळणार नव्हते मी. बोलणार होते.

काय बोलणार होते म्हणजे — अगं काय बोलणार होते! डोकं नाही का तुला, एवढी शिकलीस ती? कुत्री नव्हती त्यांच्याकडे. गाडीत चार माणसं होती आणि एक रिकामा पेट्रोलचा डबा, कुत्रं कुठलं? चौथी पळी होती. की पाचवी — मोजता येत होतं मला, पण ते नाही मोजलं. तिचे जोडे वाजायचे थांबले होते. मला वाटलं गेली. आणि मी ओरडले. घळीत, कोळसेवाल्यांच्या झोपडीत, ओढ्यावरून डावीकडे. डावीकडे पण सांगितलं मी. कुणी विचारलं नव्हतं डावी-उजवी. त्या मोठ्या माणसानं माझ्याकडे बघितलं, आणि नरसाळं काढलं, रुमालानं पुसलं आणि परत खिळ्याला टांगलं. एवढा व्यवस्थित माणूस. माझ्या गालाला हात लावून गेला.

आईनं ऐकलं होतं. जिवंत होती ना ती. गाडी गेल्यावर कुशीवर वळली, सगळं ओकली आणि मला म्हणाली — तिला बोलता येत नव्हतं, घसा फाटला होता, वारा निघावा तसा आवाज — म्हणाली, तू ओढ्यावर होतीस. मी म्हटलं, आई, मी — ती म्हणाली, तू सकाळपासून ओढ्यावर होतीस, तुला कुणी काही विचारलं नाही. दोनदा म्हणायला लावलं माझ्याकडून. आणि मग गेली रांगत मुलाला बघायला. रेमी तिचा पहिला होता. माझ्यावर हात नाही उचलला तिनं कधी, त्या दिवशी नाही, पुढेही नाही. उचलला असता तर — असो.

म्हणजे कळतंय ना तुला? चौकात ती एक शब्द बोलती तर वेंडलिंग वाचता. 'माझ्या पोरीनं सांगितलं, मी मरत होते म्हणून सांगितलं' — एवढंच. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी मारलं नसतं गं, हे मला आज कळतं. आईला तेव्हा कळत होतं का? मी पुष्कळ विचार केलाय यावर, बदकं सोलताना दुसरा काय विचार करणार माणूस. बाप्तीस्तचे डोळे तिनं बघितले होते, मी नाही बघितले. कदाचित तिला वाटलं असेल, एक गेलाय, दुसरं जाऊ देणार नाही. कदाचित ती नुसती भेकड असेल. पाटीवर नाव आहे तिचं. माणूस पाच पळ्या गप्प राहू शकतो आणि नंतर चौकात बोलायची वेळ आली की — माझं डोकं नाही चालत तिथं. बाबा परत आला पंचेचाळीसच्या मेमध्ये, त्यालाही नाही सांगितलं तिनं. तो मेला तो आपली बायको देवी होती असं समजून मेला.

वेंडलिंगची बायको? कात्रीन. ती कुठं जाणार, लॉरेन पेटलेलं, तीन पोरं, मोठी आठची, धाकटा पाचाचा. गावात राहिली. पाववाला पाव देईना, कुणी दूध देईना. पोरं शेतातले गोठलेले सलगम उकरून खायची, कच्चे. हिवाळा आला. आईनं बारा बदकं कापली त्या वर्षी, जास्त जमली नाहीत. पहिली बरणी भरली, वर कापड बांधलं आणि माझ्या हातात दिली. कुणाला द्यायची ते नाही म्हणाली. मला कळलं.

मी गेले. पाच किलो असेल, पोटाशी धरून गेले, बर्फ होतं. कात्रीननं दार उघडलं. आत तिन्ही पोरं एका गादीवर, चूल विझलेली, भिंतीला त्याची हत्यारं तशीच टांगलेली, ओळीनं. मी ठरवून गेले होते बघ, रस्ताभर पाठ करत गेले होते. मी म्हटलं, मादाम वेंडलिंग, ते झोपडीचं — आणि तिनं मारलं मला. थोबाडीत, एवढ्या जोरात की मी चौकटीवर आपटले, हा बघ, भुवईत अजून आहे व्रण. वर खेचलं मला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि म्हणाली, गप्प. ऐकायचं नाही मला. मी ऐकलं तर मला ही बरणी तुझ्या डोक्यात फोडावी लागेल, आणि माझ्या तीन पोरांनी परवापासून काही खाल्लेलं नाही. ठेव ती खाली. ही पोरं मोठी झाली की सांग. मग म्हणाली, चुलीशिवाय खाता येतं का हे? मी म्हटलं, येतं, गारच खातात. तिनं माझ्यासमोर बोटं घातली चरबीत आणि धाकट्याच्या तोंडात घातली. त्यानं आधी थुंकलं. मग चाटलं. मग तो तिची बोटं सोडीना.

जगली तिन्ही. उंचीपुरी झाली. तुझा कागद काय म्हणेल ते म्हणो. नऊ हिवाळे मी बरणी नेली, एकही चुकला नाही, आणि नऊ वेळा तिनं दारात घेतली, एक शब्द न बोलता, आत न बोलावता. गावानं हळूहळू तिला पाव द्यायला सुरुवात केली, मग शिवणकाम, मग 'कशी आहेस'. खरं कोण हे कुणी परत विचारलं नाही. कुणालाच आता ते कळायला नको होतं, बाप्तीस्तला तर नकोच. तो दारूत गेला.

त्रेपन्न साली धाकटा चौदाचा झाला आणि तुलूझला एका बेकरीत कामाला लागला. त्याच आठवड्यात ती आली. हातगाडी ढकलत आली चढावरून, तिच्यात नऊ बरण्या, घासून लख्ख केलेल्या, मध्ये पेंढा घातलेला. एकेक करून आत आणून ठेवल्या. मी मदत करायला गेले तर बाजूला सारलं मला. मग बसली — टेबलाच्या त्या टोकाला. आई इथं बदक सोलत होती, पाठमोरी. मी कॉफी ओतली. अठराची होते मी, माझं लग्न ठरलं होतं दिदिएच्या, माझ्या मुलाच्या, बापाशी, गव्हाच्या शंभर एकरांवाला माणूस, शनिवारी यायचा तो फटफटीवरून. कात्रीननं हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, आणि म्हणाली, झाली आता मोठी. आता सांग.

मोठ्यानं नाही म्हणाली. नऊ वर्षं जपून ठेवलं होतं तिनं ते. आईचे हात थांबले पिसांत. ती वळली नाही, पण थांबले, मला दिसले. मला वाटलं आई म्हणेल काहीतरी. आईला वाटलं असेल मी म्हणेन.

मी म्हटलं, "काय सांगू, मादाम?"

असं. भुवया वर करून. हसून जरा.

ती बसून राहिली. घाई नव्हती तिला. कॉफीवर साय आली, मांजर आलं आणि गेलं, बाहेर गाडीघोडा काही नाही. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, राग असता तर मला झेपला असता. मग तिनं मोजे चढवले, एकेक बोट नीट बसवून, आणि आईच्या पाठीला म्हणाली, "तुमच्या बरण्या पोचल्या." सोमवारच्या गाडीनं लॉरेनला गेली. पुढं मेली कधीतरी. पत्ता नव्हता माझ्याकडे. नव्हता म्हणजे, घेतला नाही.

तू काय लिहितेयस? इतका वेळ लिहितेयस तू? नाही — दाखव. दाखव म्हणते ना! वजन, बरं, वजन. रक्तदाब. बरं. बाकी काही नाही ना? रडू नकोस, तुला काय झालं रडायला, तुझं कोण होतं त्यात. नाक पूस. मी काही सांगितलं नाही तुला. म्हातारी बडबडते, पडली होती डोक्यावर, असं लिहा त्या डॉक्टरला, पडल्यापासून जरा भ्रम होतो. लिहा, तुम्हाला कागद भरायचाच आहे.

आणि आता उठा. दिदिए येईल जेवायला, त्याच्यासमोर हे डोळे नकोत. गाडी फाटकातून सरळ मागे घ्या, कडेला चिखल आहे. हो, येतं मला दार लावायला. आणि हे बघा, पुढच्या गुरुवारी तुम्ही येऊ नका. दुसरं कुणी तरी पाठवा म्हणावं.